अशुद्ध बाजूचे शब्द

फेब्रुवारी लागला की लोकांना पळस दिसतो. मला भिंतीवरची पिंक दिसते.

अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला, परवा पुन्हा तो फलक लागला. शिष्यवृत्ती परीक्षेचा क्लास. वर गळ्यात हार घातलेल्या एका पोराचा फोटो आणि खाली लाल अक्षरांत 'शब्दसंपत्ती वाढवून मिळेल'. शेजारच्या शिंप्याकडे पॅन्टची उंची वाढवून मिळते, तसंच. भाजीची पिशवी घेऊन मी तिथंच थबकलो. मी तसा सोशिक माणूस आहे. कचेरीत 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिता लिहिता डोक्यावरचे केस गेले, पण कुणावर आवाज चढवला नाही. आमची मंदा म्हणते, "यायच्या ताटात खडा आला तरी हे भातासंगं गिळतात, बाजूले काढाची हिंमत नाई." नवऱ्याची याहून नेमकी व्याख्या मी तरी ऐकलेली नाही. पण असला फलक दिसला की माझा सोशिकपणा गटारात जातो. मागं एकदा मी अशाच एका फलकाकडे तोंड करून खरोखर थुंकलो होतो. वारा उलटा होता. सदरा मलाच धुवावा लागला.

ऋतूचा यात काही दोष नाही. थंडी बाडबिस्तरा आवरत असते, ऊन अजून अंगावर धावून येत नाही. बाजारात हरभऱ्याचे घाटे दिसतात. तिकडे वरूडच्या बाजूला, माझ्या ताईच्या शेंदूरजनाघाटात, संत्र्याचा आंबिया बहार फुललेला असतो. ते बारकं पांढरं फूल, आणि वास मात्र असा की बस शिवारात शिरली की कंडक्टरसुद्धा तिकिटं थांबवून खिडकीकडे नाक करतो. हे मी पाहुण्यांना नेहमी सांगतो. थोडं वाढवून सांगतो. घराण्यातला गोष्टीवेल्हाळ म्हणून मला तेवढी सूट आहे. पण त्या एका वर्षापासून काय झालं आहे, संत्र्याच्या फुलाचा वास आला की मागोमाग तंबाखूच्या खर्ऱ्याचा वास येतो. नवरदेवासोबत त्याचा पिऊन आलेला मित्र यावा, तसा.

तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, आम्ही अमरावतीत होतो. ताईची मुलगी शर्वरी, घरात सगळ्यांची शरू, पाचवीत होती. तिला शिष्यवृत्तीच्या क्लाससाठी आमच्याकडे ठेवायचं ठरलं. कारण ताईच्या जावेची पोरगी त्याच क्लासमधून गुणवत्ता यादीत आली होती, आणि जावेच्या पोरीपेक्षा मोठं कारण संसारात अजून निघालेलं नाही.

शरू आली ती बोलतच. ऑटोतून उतरताना बोलत होती, चपला काढताना बोलत होती, पाण्याचा गिलास तोंडाला लावून त्यातही बोलत होती.

"मामी, तुमच्या घरी मांजर हाय काय? काहून नाई? मंग उंदीर कोन धरते? मामा?"

"मामाले झुरळ धरनं होत नाई माय, उंदीर काय धरते," मंदा म्हणाली. त्या दोघींचं त्या क्षणी जमलं आणि मी कायमचा अल्पमतात गेलो.

संध्याकाळी शेंदूरजन्याहून भाऊजींचा फोन यायचा. माझ्या या मेहुण्यांचा गुण असा की चारचौघांत मुके आणि लेकीपाशी धबधबा. फोन स्पीकरवर असायचा, कारण शरूला हात मोकळे लागत.

"काय करून राहिली वं माय?"

"जेवून राहिली, बाबा. तुमी जेवले काय? बगिच्यात पानी सोडलं काय?"

मग बगिचा सुरू व्हायचा. कोणत्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाला फूल कमी आलं, कोणतं झाड 'रुसून बसलं', माकडं कुठून शिरली, विहिरीच्या मोटरनं आज कसे नखरे केले. मी सोफ्यावर पेपर धरून ऐकायचो. पेपरपेक्षा त्यात बातम्या जास्त असत.

क्लासमध्ये मराठीच्या तासाला 'शब्दसंबंध' नावाचं प्रकरण होतं. समानार्थी, विरुद्धार्थी, गटात न बसणारा शब्द, पक्ष्याचं घरटं तर वाघाचं काय. पहिल्या आठवड्यात शरूला त्याचा धसका बसला होता, म्हणून मी स्वतःची पद्धत काढली. शब्दांच्या सोयरिकी लावायच्या.

"समानार्थी म्हंजे काय, मामा?"

"एकाच माणसाची दोन नावं. पाणी घरी लुंगीवर असतो तेव्हा पाणी. लग्नात फेटा बांधून आला की जल."

"अन् विरुद्धार्थी?"

"तुझी मामी आणि मी."

स्वयंपाकघरात झारा आपटला. "ऐकू येते मले!"

शरू विचारात पडली. "पन तुमी तं एकाच घरात राह्यता."

"तेच तर. दिवस-रात्र, सुख-दुःख, सगळे एकाच घरात राहतात. समानार्थी फारसे भेटत नाहीत एकमेकांना. पाण्याच्या घरी जल कधी जेवायला आला आहे का?"

हे मला एकदम सुचलं होतं आणि मी स्वतःवर इतका खूश झालो की रात्री ते मंदालाही ऐकवलं. ती म्हणाली, "झोपा आता, जल."

पण खरं सांगतो, पोरीला त्यातलं मर्म कळत होतं. एका शब्दाचा हात धरला की मागून त्याचं सगळं गोत चालत येतं. लहान मुलाला भाषा देण्याची याहून गोड रीत मला माहीत नाही. म्हणून तर त्या क्लासनं या रीतीचं जे केलं, त्याची मला अजून शिसारी येते.

मोबाइलच्या दुकानावरची लांबट खोली. खिडक्यांना आतून कागद चिकटवलेले, मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. एक खिडकी तेवढी उघडी. ती सरांची, थुंकायची. मोजे, झेरॉक्सची गरम शाई, डब्यातली कोंदट पोळी आणि खर्रा असा चौघांचा मिळून एक वास जिन्यापर्यंत यायचा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून घोटून केलेला तो लगदा. आमच्याकडे खर्रा खाणाऱ्याला ओळख द्यावी लागत नाही, तो हसला की पुरतं. शरूला घरी न्यायला मी लवकर जायचो आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचो. दार उघडं असायचं. सर शुद्ध भाषेचे कट्टर अभिमानी होते. तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांचा 'शुद्ध' मात्र 'फुद्ध' असा बाहेर यायचा.

"मुलांनो, फुद्ध बोला!"

इकडे सर खर्रा घोटत, तिकडे पोरं शब्द घोकत. पक्षी घरटे, वाघ गुहा, घोडा तबेला, मुंगी वारूळ. कुणी विचारत नव्हतं की वारूळ पाहिलंय का कुणी. शब्दांना जोडीजोडीनं बेड्या घालून उभं केल्यासारखं वाटायचं.

एकदा 'बहार' आला. समानार्थी शब्द सांगा. शरू उभी राहिली. "सर, बहार दोन असते. आंबिया थंडीतला अन् मृग पावसातला."

वर्ग हसला. सर म्हणाले, "हे शेतकी कॉलेज नाही. बहार म्हणजे मजा. लिहा."

दुसऱ्या दिवशी 'गोड'. शरूनं विरुद्धार्थी लिहिला 'आंबट'. त्यावर लाल फुली, कारण छापील उत्तरात 'कडू' होतं. त्या संध्याकाळी तिनं मला कोपऱ्यात गाठलं.

"मामा, संत्रं कडू असते काय कधी? व्यापारी येते तं हेच इचारते ना, गोड हाय का आंबट?"

"परीक्षेचं संत्रं कडू असतं, बेटा," मी म्हणालो. कचेरीत अशा उत्तराला अभिप्राय म्हणतात आणि त्याच्यावर पुढं कुणी काही करत नाही.

मग फळ्यावर ती रेघ आली. मधोमध खडूची उभी रेघ, डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. डावीकडे मले, उजवीकडे मला. काहून, का. पानी, पाणी. शाया, शाळा. आमच्या वऱ्हाडी तोंडात 'ळ' टिकत नाही, त्याचा 'य' होतो. केळी केयी होतात आणि काळा माणूस काया. शेकडो वर्षं होत असेल, कुणाचं पोट दुखलं नव्हतं. आता शरू काही बोलली की सर खडू उचलायचे. तिचं पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं वाक्य, हळूहळू ती पोरगी सगळीच्या सगळी डाव्या बाजूला जाऊन बसली. बाकीची पोरं तरी कुठं पुण्याहून आली होती? एक दर्यापूरचा होता, एक तेल्हाऱ्याची. पण ती आधीच गप्प राहायला शिकली होती. शरूच्या नावानं ती पोट धरून हसत. स्वतःच्या आयांची बोली फळ्यावर डावीकडे लिहिलेली पाहून हसत, आणि हसण्यात आपण उजवीकडे गेलो असं त्यांना वाटत असावं.

एकदा मध्येच सरांचा फोन वाजला. ते त्यांच्या खिडकीशी गेले, पच्चकन थुंकले आणि ओरडले, "काहून बे? गाडी अजून नाई आली? मले सांगाले काय झालं होतं तुले?" मग तोंड पुसून वळले. "हं, तर मुलांनो, फुद्ध..."

मी जिन्यात बसून होतो. 

घरी शरू बदलायला लागली. पहिल्यांदा गंमत वाटली. ताटावर बसून ती म्हणाली, "मामी, मला पाणी हवे आहे."

मंदानं माझ्याकडे पाहिलं. "हवे आहे म्हंजे? पाह्यजे काय?"

"हो."

"मंग पाह्यजे म्हन ना माय. मी समजली, हवा येऊन राहिली कुठून तं."

शरू हसली नाही. पूर्वी जे वाक्य तोंडातून धावत सुटायचं, ते आता दाराशी थांबून पाय पुसायला लागलं. काही वाक्यं पाय पुसूनही आत येत नसत. मांजर का नाही, उंदीर कोण धरतं, हे सगळं बंद. भाऊजींचा फोन आला की ती स्पीकर बंद करून कानाला लावायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. आपल्या बापाचा आवाज कुणी ऐकू नये म्हणून. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मंदाच्या पहिल्याच दिवशी आलं होतं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी पालकसभा होती. भाऊजी सकाळच्या बसनं आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि हातात सरांसाठी मृग बहाराच्या संत्र्यांची पिशवी. एकेक फळ फडक्यानं पुसलेलं. क्लासची खोली आयाबापांनी भरली होती. भाऊजी पिशवी टेबलावर ठेवून उभे राहिले. मोठ्या माणसासमोर बोलताना ते एक पाऊल पुढं टाकून परत मागं घेतात, तसं त्यांनी केलं.

"सर, कशी हाय आमची पोरगी? घरी तं लय बोलते. इथं शायेत काय करते कोनाले..."

"बाबा." शरू पहिल्या बाकावरून म्हणाली. आवाज बारीक होता पण खोलीभर गेला. "शाया नाही. शाळा."

सरांनी टेबलावर थाप मारली. एक संत्रं घरंगळून खाली गेलं. "वा! बघा पालकहो! हा आपला रिझल्ट! ही मुलगी आली तेव्हा काय बोलत होती आणि आज स्वतःच्या वडलांना फुद्ध करून राहिली!" बोलताना त्यांच्या तोंडातून एक तांबडा थेंब उडाला आणि पिशवीवर पडला. लोक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

भाऊजीही हसले, ओठाच्या एका बाजूनं. "बरोबर हाय तिचं," म्हणाले. मग एकदम सावरून, "आहे. बरोबर आहे."

खाली घरंगळलेलं संत्रं त्यांनी वाकून उचललं, पुसलं आणि परत ठेवलं. शरू वहीत बघत होती. तिचे कान लाल झाले होते. त्या खोलीत तिला लाज वाटली ती कशाची, बापाच्या बोलण्याची की स्वतःच्या, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

जेवायला सगळे घरी आलो. मंदानं वांग्याची भाजी केली होती. भाऊजी म्हणाले, "भाजी चांगली झाली आहे." मंदाचा हात वाढता वाढता थांबला. इतक्या वर्षांत त्यांनी भाजीला 'झकास' याखेरीज शब्द वापरला नव्हता. जेवण झाल्यावर ते उठले, शरूकडे एकदा पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द निवडत म्हणाले,

"जरा पाळ मोकळे करून येतो."

मी फिसकन हसलो. मग माझं मलाच कळलं. त्या माणसानं सकाळपासून मनाशी हिशेब घातला होता: आपल्या तोंडात जिथं जिथं 'य' येतो, तिथं शुद्ध माणसाचा 'ळ' असतो. शाया चूक, शाळा बरोबर. काया चूक, काळा बरोबर. मग पाय तरी बरोबर कसा असेल? शब्दांचं नातं एकाच सकाळी शिकून त्यांनी ते पहिल्यांदा वापरून पाहिलं होतं, ते स्वतःच्या पायांवर. असली चूक भ्यालेल्या वऱ्हाडी तोंडातूनच निघू शकते. मंदानं माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू जागीच मेलं. शरू ताटातल्या रिकाम्या जागेवर बोट फिरवत राहिली. तिनं 'पाळ' दुरुस्त केला नाही.

त्यानंतर फोन येत राहिले. तेवढ्याच वेळेला.

"शरू, तू काय करत आहेस?"

"अभ्यास करत आहे."

"बरं. छान. ठेवतो."

बगिचा गेला. धुऱ्यावरचं झाड, माकडं, मोटरीचे नखरे, सगळं गेलं. त्या गोष्टींसाठी भाऊजींकडे शुद्ध शब्दच नव्हते, आणि जे होते ते फळ्यावर डावीकडे होते. तिकडे आंबिया फुलून गावभर वास सुटला असेल, इथं लेकीला त्याची खबर नाही. एकदा शरू फोन ठेवून माझ्यापाशी आली.

"मामा, बाबा माह्यावर रागावले काय?"

"नाही वं."

"मंग बोलत काहून नाई?"

कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून 'काहून' निघाला होता. मी काहीतरी पुटपुटलो. तिनं स्वतःच फोन लावला, यावेळी स्पीकरवर. "बाबा, तुमी पहिल्यासारखं बोला ना."

 पलीकडून भाऊजींचा आवाज, घाबरलेला. "बोलतो आहे ना, बेटा. काही चुकलं का माझं?"

शरूची परीक्षा झाली, पुढं तिचं नाव यादीत आलं. ताईनं पेढे वाटले, जावेला दोन जास्त दिले. क्लासच्या फलकावर शरूचा फोटो लागला, गळ्यात हार घालून. मी तो पाहायला गेलो तेव्हा खालच्या भिंतीवर, बरोबर त्या खिडकीच्या रेषेत, लाल ओघळ वाळले होते. गोष्ट इथं संपली असती तर मी एवढा वैतागलो नसतो. पोरं सावरतात. शरूही सावरली. मधल्या काळात मोबाइलवर वऱ्हाडी बोलून हसवणाऱ्यांचं पेव फुटलं, आणि बघता बघता डावी बाजू महाग झाली. आता लग्नाचे मांडव वऱ्हाडीत गाजतात, दुकानांच्या पाट्यांवर 'काहून बे' येतं. अमरावतीच्या त्या क्लासच्या स्नेहसंमेलनात म्हणे वऱ्हाडी नाटुकलं ठेवलं होतं, 'आपल्या मायबोलीचा अभिमान' म्हणून, आणि प्रस्तावना सरांनी केली. मला ते कळलं तेव्हा हातातला घास ताटात टाकून मी उठलो. मंदा म्हणाली, "आता काय झालं?" म्हटलं, काही नाही, खडा आला.

शरू आता आठवीत आहे. शाळेच्या स्पर्धेत वऱ्हाडी प्रवेश करून बक्षीस आणते आणि घरीदारी ठसक्यात, खणखणीत वऱ्हाडी बोलते. मुद्दाम बोलते. बापासमोर तर जास्तच. पाठशाळेत शिकावं तशी पुन्हा शिकली आहे ती, कुणासाठी ते मला माहीत आहे.

परवा, तो फलक लागला त्याच दिवशी, बापलेक दोघं अकोल्याला आमच्याकडे आली. भाऊजींचा उजवा डोळा कैक दिवस लाल होता, इथल्या डॉक्टरला दाखवायचं होतं. डॉक्टरनं थेंब दिले. दुपारी भाऊजी आमच्या खुर्चीत मान मागं टाकून बसले. मंदानं विचारलं, बगिचा कसा आहे. ते म्हणाले, "बहर समाधानकारक आहे." एवढंच. असं वाक्य मी कचेरीत लिहितो. माणसाच्या तोंडून आलेलं ऐकलं की अंगावर काटा येतो.

शरू थेंबांची बाटली घेऊन त्यांच्यावर वाकली. तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"बाबा, इकडं पाहा बरं. डोया लयच लाल दिसून राहिला. रात्री पानी येत होतं काय?"

 भाऊजी पोरीच्या भल्यासाठी, अगदी मायेनं, हळू आवाजात म्हणाले,

"डोळा म्हणावं, बेटा. डोळा."

'ळ' स्वच्छ आला होता. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं त्यांची पापणी वर धरून थेंब सोडला.